पिच्चरला जायलो

पुण्याला नोकरी करणारी आमची लेक दिवाळीला चार दिवस वसमतला आली होती. तिसऱ्या दिवशी करंज्या संपल्या आणि तिला कंटाळा आला. चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "बाबा, उद्या नांदेडला मूव्हीला जाऊ या ना."

माय ओसरीत वाती वळत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, पण आपल्या कामाचं बरोबर येतं.

"कुणाची कंबर धरली गं?"

"कंबर नाही आजी. मूव्ही!"

"तेच म्हणायले की मी." असं म्हणत तिनं उशाखालून मूव्हची ट्यूब काढली. खालून गुंडाळत गुंडाळत आणलेली, दाबून दाबून पापडासारखी चपटी झालेली. ती नातीच्या हातावर ठेवून म्हणाली, "लाव. पर जपून लाव, नवी आणायला तुझ्या बापाला चार डाव सांगावं लागतं."

लेकीनं हात जोडले. "पिक्चर गं आजी! पिक्चरला जायचंय."

"मंग पिच्चर म्हण की! कामून उगं माणसाला घोर लावतीस?"

आणि ट्यूब परत उशाखाली गेली.

माझी मोंढ्यात हळदीची आडत आहे. शब्दांचा धंदा माझा नाही. पण वजन करायची खोड लागली की माणूस काहीही तोलतो. त्या रात्री मी नुसतं घरातल्या घरात मोजलं, तर एका वस्तूला सहा नावं निघाली. माय पिच्चर म्हणते, आणि चिडली असली की शिनिमा ("शिनिमं बघून बघून डोळे गेले पोरांचे"). मी पिक्चर म्हणतो. बायको चारचौघीत असली की सिनेमा म्हणते. लेक मूव्ही. धाकटा चिरंजीव फिल्म म्हणतो, कारण तो सध्या मोबाइलवर शॉर्ट फिल्म काढतोय. तिच्यात आमची म्हैस प्रमुख भूमिकेत आहे.

तसं वसमतच्या माणसाला एकाला दोन नावं असण्याचं काही वाटत नाही. रेल्वेच्या लेखी आम्ही बसमत, कागदोपत्री वसमतनगर आणि तोंडात नुसतं वसमत. जिल्हा आधी परभणी होता, १ मे १९९९ पासून हिंगोली झाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तर आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. आमचे आजोबा शेवटपर्यंत बायस्कोपच म्हणत. त्यामुळे गाडी कोणत्या नावानं येते याला आम्ही महत्त्व देत नाही, थांबते का ते बघतो.

मूव्ही हा शब्द कुठून आला हे मी लेकीलाच विचारलं. तिनं फोनमध्ये बघून सांगितलं आणि मला ती चक्क आमच्या भावकीची गोष्ट वाटली. इंग्रजीत आधी शब्द होता 'मूव्हिंग पिक्चर', म्हणजे हलतं चित्र. पुढे त्याची वाटणी झाली. इंग्लंडवाल्यांनी पिक्चर ठेवून घेतला आणि ते 'पिक्चर्स'ला जाऊ लागले. अमेरिकेनं मूव्हिंग घेतलं आणि लाडानं त्याचं मूव्ही केलं. हा शब्द शंभरावर वर्षांचा आहे आणि सुरुवातीला तो बोलण्यातला, जरा उनाड शब्द समजला जायचा. आमच्यावर निजाम असला तरी मुंबईवर राज्य इंग्रजांचं, म्हणजे मुंबईमार्गे आमच्या वाट्याला आला पिक्चर. अमेरिकेचा हिस्सा आत्ता कुठं, लेकीच्या लॅपटॉपमधून घरी पोचला. एका पोळीचे दोन तुकडे, शंभरावर वर्षांनी एका ताटात.

सिनेमा म्हणजेही मूळ ग्रीकमध्ये हालचालच. फिल्मचं मूळ मात्र मला फार आवडलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पातळ त्वचा, पापुद्रा. म्हणजे दुधावर धरते ती सायसुद्धा फिल्मच. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग रोज सकाळी मांजर फिल्म बघून जातं, तुम्हाला पत्ता नसतो."

मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ झाला, तेव्हा या प्रकाराला काय म्हणायचं हे आपल्याकडे कुणालाच ठरवता आलं नसणार. मराठीनं जवळचा शब्द दिला, खेळ. आमच्याकडं तो अजून आहे. सहाचा खेळ, नवाचा खेळ. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये लागला. त्याला तेव्हा कुणी मूकपट म्हणालं असेल असं मला वाटत नाही. बोलत नाही हे वैगुण्य आहे हे कळायला आधी एकानं बोलावं लागतं. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, आणि मागचे सगळे बिचारे एका झटक्यात मुके ठरले. हायब्रिड आलं म्हणून गावरान जन्माला आलं, तसंच हे. आमच्या लहानपणी गावरान अंडं असं कुणी म्हणत नव्हतं. अंडं गावरानच असायचं.

मग सगळेच बोलायला लागल्यावर बोलपट शब्दाची गरज संपली. तिकडं इंग्रजीतही 'टॉकी' मागं पडली. आम्ही मात्र काही टाकत नाही. ज्या इमारतीत तो बोलायचा तिलाच आम्ही टॉकीज म्हणायला लागलो. बोलणारा गेला, वाडा राहिला. आमच्या लहानपणी टॉकीजला नाव होतं, बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण ते कुणी घेत नसे. नवऱ्याचं नाव न घेण्यासारखंच होतं ते. "टाकीजपाशी थांब" म्हटलं की पुरे.

चित्रपट हा शब्द मात्र मी शाळेतच ऐकला. संस्कृतात चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड. दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द सावरकरांच्या खात्यावर जमा आहेत. मध्यंतराचं आमच्या गावात इंट्रोल झालं, त्याला सावरकर तरी काय करणार. आठवीत मराठीच्या सरांनी निबंध दिला, 'मला आवडलेला चित्रपट'. मी पहिलंच वाक्य लिहिलं, "मला आवडलेला पिच्चर शोले आहे." सरांनी पिच्चरखाली दोन लाल रेघा ओढल्या, समासात 'चित्रपट!!' लिहिलं आणि दहापैकी चार दिले. त्याच रविवारी सहाच्या खेळाला मी थर्डच्या रांगेत उभा होतो. पुढं सर. डोक्याला मफलर, उन्हाळ्यात. मला बघून क्षणभर गडबडले आणि मग मास्तरकीच्या आवाजात म्हणाले, "काय रे, अभ्यास सोडून पिच्चरला आलास का?"

मी काही बोललो नाही. चारचे तीन झाले असते.

फिल्म हा शब्द आमच्याकडं सरकारनं आणला. पिक्चर सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनची बातमीपत्रं दाखवत. त्यात कुठं तरी पूर आलेला असायचा आणि कुठं तरी धरणाचं उद्घाटन. पोरं तेवढ्यात शेंगा घेऊन यायची. मग पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं आणि सगळं टॉकीज एकदम गप्प व्हायचं. तसं गप्प ते पुढं हिरोची आई मेली तरी व्हायचं नाही. कारण त्या कागदावर रिळांचा आकडा असायचा. ज्याला वाचता येई तो ओरडून सांगे, "सतरा रीळ!" आणि थर्डमधून आनंदाची शिट्टी. एक रीळ हजार फुटांचं, ते पडद्यावरून जायला अकरा मिनिटं लागतात. सतरा म्हणजे तीन तासांची निश्चिंती. "तेरा रीळ" असं ऐकू आलं की लोक हळहळायचे. पोत्यात चार किलो कमी भरावं तसे चेहरे व्हायचे. पिक्चर कसा आहे हे नंतर, आधी माप पूर्ण आहे का ते बघायचं. शेतकऱ्याचं गाव आहे.

आता माझा धाकटा पाच मिनिटांत सोळा रील बघतो आणि म्हणतो, काहीच बघितलं नाही. शब्द तोच, फक्त ळचा ल झाला आणि अकरा मिनिटांचं अर्धं मिनिट. हा हिशेब मला जुळत नाही.

रिळांची आणखी एक गंमत. एका खेळाला आमच्या टॉकीजच्या ऑपरेटरनं दुसऱ्या रिळानंतर चौथं लावलं. लग्न व्हायच्या आधीच हिरॉइन माहेरी रडत आली. कुणी काही म्हणालं नाही. चौथं संपल्यावर तिसरं लागलं आणि तिचं लग्न ठरायला लागलं, तेव्हा मागून एक म्हातारा उठून उभा राहिला आणि पोटतिडकीनं ओरडला, "देऊ नका पोरगी! पोरगं चांगलं नाही!" त्याला तर पुढचं माहीतच होतं ना.

खरं सांगायचं तर पिक्चर ही बघायची गोष्ट नव्हतीच. ती जायची गोष्ट होती. जत्रेला जायचं, लग्नाला जायचं, बाजाराला जायचं, तसं पिक्चरला जायचं. बघितलं किती हा पुढचा प्रश्न. १९७५ सालचा 'जय संतोषी मा' आमच्याकडं लागला तेव्हा मी लहान होतो. माय आणि गल्लीतल्या बायका न्हाऊन, नवी लुगडी नेसून गेल्या. दारातच चपलांचा ढीग पडला होता. आरती सुरू झाली तशी मायनं कमरेच्या चंचीतून नाणं काढलं आणि पडद्याकडं फेकलं. अख्ख्या महाराष्ट्रात बायकांनी तेच केलं. आमच्या मायचं नाणं मात्र पडद्यापर्यंत पोचलं नाही, पुढच्या ओळीतल्या एका माणसाच्या टकलावर बसलं. त्यानं मागं वळून बघितलं, नाणं उचललं, कपाळाला लावलं आणि स्वतः पडद्याकडं फेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं पडद्याखाली धूळ चाळायला गेलो. तर झाडणारा आमच्या आधीच तिथं बसून मोजत होता.

पुढं १९९१ चा 'माहेरची साडी' आला तेव्हा खेड्याखेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. ट्रॉलीत बसतानाच निम्म्या रडायला लागल्या होत्या. जाताना रडू येतं तो पिक्चर. मूव्हीला जाताना लेक नुसती ऑनलाइन सीटचा नंबर बघते.

शब्द आपला झाला की नाही हे ओळखायची माझी एक आडतीतली रीत आहे. त्याला क्रियापदं किती चिकटली ते बघायचं. पिक्चर लागतो, जसा दिवा लागतो, नंबर लागतो. पिक्चर चालतो, पिक्चर पडतो. हळदीचा भावही पडतोच, पण पिक्चर पडला तर वसमतला कर्जाचा हप्ता चुकत नाही. पिक्चर उतरतो. पिक्चर सुटतो, गाडी सुटली म्हणजे निघाली, पिक्चर सुटला म्हणजे संपला, आणि आमच्या लोकांचा यात कधी घोळ होत नाही. कॉलेजची पोरं पिक्चर टाकतात. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात पिक्चर भरून मिळायचे. "चार पिच्चर भरा, एखादा देवाचा असू द्या." हळदीची कांडी वेगळी, गट्टू वेगळा, तसं त्या दुकानदाराकडं नवे वेगळे, जुने वेगळे. टीव्हीचा अँटेना फिरवताना गच्चीवरून विचारायचं, "आला का?" आणि खालून उत्तर, "पिक्चर आला, आवाज गेला!" मग पिक्चर ट्यूब उडायची, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून घरात खरा पिक्चर सुरू व्हायचा.

कारण भांडणालाही आम्ही पिक्चरच म्हणतो. "काल त्यांच्या वाड्यात लई मोठा पिच्चर झाला." जमिनीच्या वाटणीत ज्याला कुणी विचारत नाही, तो 'पिक्चरमधेच नाही'. सगळी बोलणी झाली की 'पिक्चर क्लिअर'. सोयरीक जमवणारे मामा मुलाच्या पगाराचा जो पिक्चर उभा करतात, तो लग्नानंतर महिन्याभरात पडतो. मूव्ही या शब्दानं आमच्याकडं अजून एकही भांडण झालेलं नाही. कुणी कुणाला "तुझी मूव्ही करीन" अशी धमकी दिल्याचं ऐकिवात नाही. तोवर तो पाहुणाच. बसायला खुर्ची देऊ, पण चुलीपर्यंत नाही.

त्याचं लिंगसुद्धा ठरलेलं नाही. पिक्चर पुरुष. सिनेमा, चित्रपट, खेळ, सगळे पुरुष. फिल्म बाई. मूव्हीचं काय? लेक म्हणते, "मस्त होती मूव्ही." तिचा नांदेडचा मावसभाऊ म्हणतो, "मूव्ही भंगार होता." नवरा-बायकोत एकाला आवडली आणि दुसऱ्याला आवडला नाही, असं एका वाक्यात बसत नाही, म्हणून शेवटी दोघंही "पिक्चर बरा होता" असं म्हणून मोकळे होतात.

सिनेमा या शब्दाला लोकांत जरा मान आहे. नांदेडला माझे एक स्नेही आहेत, ते फिल्म सोसायटीत जातात. ते म्हणतात, "मी पिक्चर बघत नाही, सिनेमा बघतो." फरक काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पिक्चर संपला की लोक उठतात. सिनेमा संपला की संपला का ते एकमेकांना विचारतात."

तर दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला निघालो. वसमतहून चाळीसेक किलोमीटर. माय येणार नव्हती. तिनं तीन वेळा "मी काय करू येऊन" म्हटलं आणि चौथ्यांदा म्हणायच्या आत नवं पातळ नेसून गाडीत जाऊन बसली. मांडीवर दशम्यांचा डबा होता. लेकीनं सांगितलं, बाहेरचं खायचं आत नेऊ देत नाहीत. "बाहेरचं कुठंय? घरचं हाये," माय म्हणाली. डबा गाडीतच राहिला, पण तिनं हार मानली नाही.

आत गेल्यावर लाल गालिचा होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. माय दारात थांबली, चपला काढल्या आणि पिशवीत घातल्या.

"आजी, घाल ना चपला. सगळे घालतात."

"एवढ्या चांगल्या सतरंजीवर?" तिनं आजूबाजूच्या माणसांकडं असं बघितलं, की दोन कॉलेजच्या पोरांनी नकळत आपल्या बुटांकडं पाहिलं.

खुर्चीत बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "हे बाल्कनीचं तिकीट हाये का?" मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा बाल्कनीत बसल्याचं समाधान तिच्या तोंडावर दिसलं आणि मला ते मोडवेना. मग तिनं बायका कुठं बसल्यात ते बघितलं. सगळीकडंच बसल्या होत्या. पडद्यावर सर्टिफिकेट आलं, आणि माझी नजर आपोआप रिळांचा आकडा शोधू लागली. आकडा नव्हता. मिनिटं लिहिली होती.

लेक मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, मूव्ही कशी वाटतेय?" मी म्हटलं, "चाललाय की." इंट्रोल झाला, दिवे लागले, तेव्हा बघितलं तर मायनं पाय वर घेऊन मांडी घातली होती आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला होता. दुसऱ्या अर्ध्यात ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडतीवर निघालो होतो. शेजारच्या काकू पणत्या परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी मायला विचारलं, "काल कुठं गेला व्हतात? कुलूप व्हतं दाराला."

"पिच्चरला गेलतो, नांदेडला."

"अगं माय! कोणता लागलाय?"

मायनं वात वळता वळता बराच विचार केला. "नाव काही ध्यानात ऱ्हायलं नाही बाई," ती म्हणाली. "पर लई गार होता. जाशील तर शाल घेऊन जा."